दिसल्यासारखं वाटलं

मॅडम वर्गात नेमक्या कधी आल्या, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही.

समाजकार्याच्या एमएचं पहिलं वर्ष होतं. कॉलेज मुलुंडला. टाइमटेबलवर ‘फौजदारी कायद्याची मूलतत्त्वे’ असं भारदस्त नाव वाचून आम्ही आधीच वैतागलो होतो. आपल्याला वस्त्यांमध्ये काम करायचंय, बायकांशी, मुलांशी बोलायचंय, त्यात हे कलमबिलम कशाला, असा सूर होता. सिद्धार्थ टेबलावर बसून फेकत होता, प्रज्ञा डबा उघडून बसली होती, मी आधीच्या तासाच्या प्राध्यापकांची नक्कल करत होते. बराच वेळ कोणी येईना. “चला, आज ऑफ,” असं म्हणून सगळे उठले, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला.

“मी आले तेव्हा वर्गात कोण कोण होतं?”

सगळे वळले. कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. करड्या रंगाची सुती साडी, मागे घट्ट बांधलेले पांढरे केस, पाय अनवाणी. ती तिथे कधीपासून होती देव जाणे. तिने मग बसल्या जागेवरूनच, एकेकाकडे बोट दाखवत, कोण काय काय बोललं ते सांगितलं. माझी नक्कलसुद्धा. आवाजात राग नाही, चेष्टा नाही. पावती वाचावी तसं.

“एवढे सगळे साक्षीदार,” ती उठत म्हणाली, “आणि एकानेही मला पाहिलं नाही. बसा. आता कायदा शिकूया.”

मॅडम चपला वर्गाच्या बाहेर काढून यायच्या. आम्हाला वाटायचं, सरस्वतीचं स्थान वगैरे काही असेल. कारण ते नव्हतं, पण ते मला खूप नंतर कळलं. अनवाणी असल्यामुळे त्यांची चाहूल म्हणून लागायची नाही. फळ्यावर लिहिता लिहिता त्या तुमच्या मागे येऊन उभ्या असायच्या आणि तुम्हाला आधी जाणवायचा तो त्यांच्या साडीचा निरमाचा वास. शिपाई मामा म्हणायचे, “बाईंना सावली हाय का ते एकदा बघून घ्या रे.” आम्ही हसायचो, आणि मग गुपचूप बघायचो.

त्यांच्या वर्गात ‘चोर’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. ‘खुनी’, ‘बलात्कारी’, ‘गुन्हेगार’ यांनाही. कोणाच्या तोंडून निघाला तर त्याने वर्गाबाहेर जायचं, दार वाजवायचं, “आत येऊ का” विचारायचं आणि मग ‘आरोपी’ म्हणायचं. एकदा कँटीनमधल्या मांजरीने प्रज्ञाचा बोंबलाचा तुकडा पळवला. प्रज्ञा ओरडली, “चोर मेली!” शेजारच्या टेबलावरून मॅडम शांतपणे म्हणाल्या, “संशयित. तुकडा नेताना तू पाहिलंस? की तोंडात तुकडा असलेली मांजर पाहिलीस?”

आणि त्या स्वतः ‘मी पाहिलं’ असं कधीही म्हणत नसत. पाऊस पडताना खिडकीतून बघत असल्या तरी म्हणायच्या, “बाहेर पाऊस पडताना दिसल्यासारखं वाटतंय.” आम्ही त्यांना ‘दिसल्यासारखं’ असंच नाव ठेवलं होतं.

शिकवायच्या मात्र जबरदस्त. मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत, लहानपण जोगेश्वरीच्या चाळीत. पुढे आयुष्यभर आरोपींची वकिली केली आणि म्हातारपणी आम्हाला शिकवायला आल्या. नवे कायदे लागू झाले ते आमचंच वर्ष. सगळे नंबर बदलले म्हणून आम्ही रडत होतो. त्या म्हणाल्या, “तीनशे दोनचं एकशे तीन झालं. मेलेल्याला काय फरक पडला? आकडे पाठ करू नका. गुन्हा दोन पायांवर उभा राहतो, तेवढं लक्षात ठेवा. एक पाय कृतीचा, दुसरा मनाचा. एका पायावरचा गुन्हा खाली पडतो. तुम्ही पोलीस ठाण्यात जाल तेव्हा पहिला प्रश्न काय विचाराल? ‘काय केलं याने’ हा नाही. ‘अटक केलीय की नुसतं बोलावलंय?’ हा. अटक केली असेल तर किती वाजता, कारण काय सांगितलं, घरी कोणाला कळवलं. आणि तो तिथे काही कबूल झाला असेल तर ते कोर्टात पोहोचत नाही. ठाण्यातला कबुलीजबाब ठाण्यातच मरतो. का मरतो, ते एकदा लॉकअपमध्ये बसून बघा, कळेल.”

एका तासाला प्रज्ञाचा मोबाइल हरवला. मॅडमनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, बॅगा तपासू. मोबाइल माझ्या बॅगेत निघाला.

 मी म्हटलं, “मॅडम, मी नाही घेतला.”

“बरं.” त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. “मग हात का थरथरतायत?”

मी हात बाकाखाली घेतले. मला आठवेना, मी बॅग कुठे ठेवली होती, मधल्या सुट्टीत कुठे गेले होते. प्रज्ञा माझ्याकडे बघत नव्हती. त्या तासाभरात एक क्षण असा आला की मला खरंच वाटलं, घेतला असेल मी. चुकून, विसरून, कसा तरी. तास संपता संपता मॅडम म्हणाल्या, “मीच ठेवला होता. हिचे हात थरथरले, घसा सुकला, हिला काही आठवेना. तुम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. उद्या तुमच्यासमोर कोणी असाच थरथरत बसलेला असेल. त्याच्या हातांवरून काही ठरवू नका.”

प्रज्ञाने सॉरी म्हटलं, वडापाव खिलवला. तरी पुढे आठवडाभर मी जवळ बसले की ती मोबाइल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायची. तिला ते कळतही नव्हतं.

त्यांच्या एका गोष्टीची मात्र आम्ही टिंगल करत नसू, कारण भीती वाटायची. शिकवताना बाहेरच्या पॅसेजमधून कोणी चप्पल ओढत गेलं, की त्या बोलायच्या थांबायच्या. शब्द अर्धा तोंडात. मान दाराकडे. तो आवाज येऊन, पुढे जाऊन, पूर्ण विरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहायच्या आणि मग वाक्याचा उरलेला अर्धा भाग बोलायच्या.

थंडी संपता संपता त्यांनी आम्हाला जोगेश्वरीच्या गुहांमध्ये नेलं. दुपारची वेळ. वर दाटीवाटीने घरं, टीव्हीचे आवाज, कुकरच्या शिट्ट्या. पायऱ्या उतरून आत गेलं की ते सगळं तुटतं. ओल्या दगडाचा वास, खांबांच्या रांगा, मधे देवीपुढचा दिवा आणि बाकी काळोख. लांब, दुसऱ्या टोकाला दाराएवढा उजेडाचा चौकोन.

मॅडमनी अर्ध्या मुलांना त्या टोकाच्या बाहेर पाठवलं. एकेकाने उजेडातून आडवं जायचं, पलीकडे जाऊन पायऱ्यांवर बसायचं. आम्ही आतून ओळखायचं, कोण गेलं. रोज एकत्र बसणारी मुलं, त्यात काय कठीण? आम्ही छातीठोकपणे नावं घेत होतो. “हा सिद्धार्थ.” “ही स्मिता, ओढणीवरून कळतंय.” मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.

सगळे गेले असं वाटलं, आणि मग आणखी एक आकृती आली. बाकीच्यांपेक्षा सावकाश. डावा पाय ओढत. फरशीवर घासल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. चौकोनाच्या मधोमध ती जरा थांबली आणि मग पुढे गेली.

प्रज्ञा खिदळली, “सिद्धार्थ परत आला. ॲक्टिंग करतोय येडा.”

माझ्या मनगटाभोवती बोटं आवळली गेली. बर्फासारखी गार. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या उजेडाकडे बघत होत्या. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता, कुठल्या तरी चाळीतल्या पोरीचा होता.

“तुका पण तो दिसलो?”

मी होकारार्थी मान हलवली. त्या अंधारात त्यांना ती दिसली असेल असं वाटत नाही, पण त्यांनी हात सोडला.

बाहेर आल्यावर कळलं, आमची बरीच नावं चुकली होती. सिद्धार्थ समजलो तो सिद्धार्थ नव्हता आणि ओढणी स्मिताची नव्हती. पण पाय ओढत कोणीच गेलं नव्हतं. सिद्धार्थ आईची शपथ घेऊन म्हणाला, “आम्ही सगळे पायऱ्यांवर बसलेलो यार. दाराकडेच तोंड होतं आमचं. कोणी नाही आलं.” “देवळात कोणी आलं असेल,” कोणीतरी म्हणालं. आत येणारा आमच्या समोरून आला असता, बाहेर जाणारा त्यांच्या समोरून गेला असता. हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मॅडम चहाच्या टपरीवर पाठमोऱ्या उभ्या होत्या. चहा त्यांनी तसाच ठेवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये ते घडलं.

आम्ही घाटकोपरला राहतो. जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, जिन्याला दर मजल्यावर जाळीची खिडकी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली काकू आणि त्यांची मुलगी वैशाली. वैशाली आणि मी एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलो. आई कामावर असायची तेव्हा काकूंनी मला जेवू घातलंय.

भर दुपारी मी घरात एकटी होते. खालून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मी दार उघडून कठड्यावरून वाकून पाहिलं. एक माणूस जिना उतरत होता. निळसर शर्ट, पाठ, मानेवरचे केस. जाळीतून ऊन येत होतं, त्या पट्ट्यांमधून तो गेला. एवढंच. मी खाली गेले तर काकूंचं दार उघडं होतं आणि त्या उंबऱ्याजवळ पडल्या होत्या. गळ्यातलं मंगळसूत्र नव्हतं. डोकं उंबऱ्यावर आपटलं होतं. काही दिवस त्या हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध होत्या, मग गेल्या.

पोलिसांनी शेजारच्या बिल्डिंगला रंग लावणाऱ्या टोळीतला एकजण उचलला. त्याच्याकडे काही सापडलं नव्हतं, पण त्या दुपारी तो कामावरून तासभर गायब होता आणि शर्ट निळा होता. मी ठाण्यात जबाब द्यायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. जबाब झाल्यावर सहज बोलता बोलता त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

“ताई, हाच ना?”

मी काही म्हणायच्या आत बघून झालं होतं. तिशीचा माणूस, खोल गेलेले डोळे, हनुवटीवर रंगाचा डाग. मी म्हटलं, “मी पाठ पाहिली होती, साहेब.” ते म्हणाले, “ओळख परेडला बोलावू. टेन्शन नका घेऊ. समोर आला की आपोआप ओळखू येतो.”

आणि खरंच, घरी येईपर्यंत तो ओळखू यायला लागला होता. मी डोळे मिटले की जिना उतरणारा माणूस आता मान वळवायचा, आणि त्याला तो चेहरा असायचा. हनुवटीवरच्या डागासकट.

मी मॅडमच्या घरी गेले. मुलुंड पूर्वेला, तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. आधी कधी कोणी त्यांच्या घरी गेलं नव्हतं. दार एका खूप म्हाताऱ्या आजींनी उघडलं. वाकलेल्या, कपाळ मोकळं, डोळ्यांवर जाड चष्मा. मला वाटलं, मॅडमची मोठी बहीण.

“वकीलणीकडे आलीस? बस.” आजी खिडकीजवळ जाऊन बसल्या. मॅडम आतून आल्या. दोघींमध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. थोड्या वेळाने आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वकीलणीला सांग, दूध उतू चाललंय.”

मी गोंधळून मॅडमकडे पाहिलं. त्या मुकाट्याने उठल्या आणि गॅस बंद करून आल्या.

मी सगळं सांगितलं. फोटोशी आले तेव्हा मॅडमनी मला थांबवलं.

“बघितलास?”

“हो.”

 मॅडम म्हणाल्या, “परेडला काय सांगायचं ते मी तुला सांगणार नाही. साक्षीदाराला पढवायचं नसतं. माझं सांगते, ते ऐक.”

त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. जोगेश्वरीच्या चाळीत मालकाचा जिन्यात खून झाला. मॅडम दुपारच्या कॉलेजातून येत होत्या. जिन्याच्या अंधारातून एक माणूस डावा पाय ओढत दाराच्या उजेडात गेला. पुढून ऊन, त्यामुळे नुसती काळी आकृती. पलीकडच्या गल्लीत गिरणीतला एक कामगार राहायचा, पाय अधू असलेला. मालकाशी त्याचं भांडण झालेलं सगळ्यांना माहीत. पोलिसांनी विचारलं, तोच ना? चाळीतल्या बायका म्हणाल्या, तोच असणार. मॅडमनी म्हटलं, तोच.

“मी खोटं नाही बोलले गो. मला तो दिसला होता. चेहऱ्यासकट दिसायला लागला होता तोपर्यंत. कोर्टात मी बोट दाखवलं. तेव्हा तो पिंजऱ्यातून हळूच म्हणाला, ‘नीट बघ गो बाय.’ रागाने नाही. आपल्या घरातल्या पोरीला सांगावं तसं. मी नीट बघितलं, आणि परत म्हटलं, तोच.”

तो तुरुंगात कावीळ होऊन मेला. अपील चालायच्या आधीच. पुढे काही वर्षांनी मालकाचा पुतण्या वारला, आणि त्याच्या बायकोने तोंड उघडलं. मारणारा तिचा नवरा होता.

“तो पुतण्या लंगडत होता?” मी विचारलं.

“नाही.” मॅडम स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. “पळताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता.”

मी खिडकीकडे पाहिलं. आजी बाहेर बघत होत्या. मला तेव्हा उमगलं, पण विचारायचा धीर होईना. मॅडमनीच मानेने खुणावलं.

“ज्याच्याकडे मी बोट दाखवलं, त्याची बायको. मूलबाळ नव्हतं. गावच्यांनी खुन्याची बायको म्हणून उभं केलं नाही. धुणीभांडी करायची. मी वकील झाल्यावर तिला शोधून काढलं. म्हटलं, माझ्याकडे चला. ती एक शब्द बोलली नाही, पिशवी घेतली आणि आली. तेव्हापासून आहे.”

“तुमच्याशी बोलत नाहीत?”

“नाही. एकदाही नाही.” आणि मग थोडं हसून, “भाजीत मीठ कमी पडलं तर सांडशी आपटते.”

मी निघाले तेव्हा मॅडम दारापर्यंत आल्या नाहीत. आजी आल्या. कडी लावता लावता म्हणाल्या, “रात्रीची उठून बसते ती. दुपारी पण. कोण आलंय म्हणून विचारते. माझा घो मला कधी दिसला नाही मेल्यावर. हिलाच दिसतो.” आणि त्यांनी दार लावलं. त्या आवाजात कीव होती की हेवा, मला कळलं नाही.

ओळख परेड जेलमध्ये झाली. पोलीस बाहेर, आत एक दंडाधिकारी आणि दोन पंच. भिंतीला लागून सारख्या वयाची, सारख्या अंगकाठीची माणसं रांगेत उभी. मी आत पाऊल टाकलं आणि तो दिसला. शोधावंसुद्धा लागलं नाही. डाग धुतला होता, पण डोळे तेच. पुढे जायचं, खांद्याला हात लावायचा, झालं. काकूंचं उंबऱ्यावरचं डोकं मला दिसत होतं. माझा हात उचलला गेला होता.

मी म्हटलं, “साहेब, यांना पाठ करून उभं राहायला सांगाल?”

ते सगळे वळले. पाठीच पाठी. आणि मग त्या खोलीत मला जे झालं, ते मी कोणाला नीट सांगू शकलेली नाही. प्रत्येक पाठ तीच होती. एकेकाकडे बघावं, तो जिना उतरायला लागायचा. उन्हाचे पट्टे त्याच्या अंगावरून सरकायचे. दुसऱ्याकडे वळले की तोही. अख्खी रांग माझ्यासमोर जिना उतरत होती, आणि कोणीच खाली पोहोचत नव्हतं.

मी भिंतीला धरून उभी राहिले. दंडाधिकारी म्हणाले, “घाबरू नका ताई. आहे का यात?”

“एकाचा चेहरा मी ओळखते,” मी म्हटलं. “पण जिन्यावरून नाही. मला ठाण्यात मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला होता. जिन्यावर मी फक्त पाठ पाहिली. ती यातली कुठली, मला सांगता येत नाही. हे असंच लिहून घ्या.”

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग लिहिलं.

साहेबांनी बाहेर मला पाणी विचारलं नाही. खुर्चीही दिली नाही. वैशालीला संध्याकाळपर्यंत कळलं. ती आमच्या दारात आली, आत आली नाही. “माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठी झालीस ना गं तू?” एवढंच म्हणाली. मी समजावायला गेले तर म्हणाली, “तुझा कायदा तुझ्याकडे ठेव.” तो माणूस काही महिन्यांनी सुटला. दुसरा पुरावा मिळाला नाही. दुसरं कोणी पकडलंही गेलं नाही. त्याने काकूंना मारलं की नाही, मला आजही माहीत नाही.

हे मॅडमना सांगायला गेले तेव्हा माझ्या मनात होतं, त्या म्हणतील, बरोबर केलंस. पाठीवर हात ठेवतील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आजारी माणसाकडे बघतात.

“आता तुझ्याकडे पण एक येईल,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“ज्याला तू ओळखलं नाहीस, तो. माझ्याकडे ओळखलेला येतो. या दोघांतला कुठला बरा, ते मला अजून ठरवता आलं नाही.”

मी हसण्यावारी नेलं. पण तो येतो. दुपारी, घर शांत असताना. मी जिन्यात असले की खालच्या वळणावर पाठ असते. मी हाक मारली नाही, धावत खाली गेलेही नाही. कधी वळून बघत नाही तो. पुढच्या वळणाला दिसेनासा होतो आणि मग मी भाजीची पिशवी घेऊन खाली उतरते, वैशालीच्या बंद दारावरून. मला नोकरी लागली ती कच्च्या कैद्यांच्या घरच्यांबरोबर काम करायची. लोक विचारतात, या कामात कशी आलीस. मी काहीतरी सांगते.

पुढे एका सकाळी कॉलेजमधून फोन आला. मॅडम आदल्या दिवशी घरी पोहोचल्याच नव्हत्या. आजींनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, “ती साक्षीला गेलेली पोरगी असेल, तिला बोलवा.” मी ठाणी, हॉस्पिटलं फोनवर पालथी घातली. मुलुंडच्या बाजारात एक वृद्ध बाई भोवळ येऊन पडली होती, लोकांनी उचलून सरकारी हॉस्पिटलमध्ये नेली, वाटेतच गेली. धांदलीत पर्स कुठे तरी गेली. अनोळखी म्हणून नोंद होती.

मी मॅडमच्या घरी जाऊन आजींना म्हटलं, मी बघून येते. आजी चष्मा पुसून उठल्या. “मी येते.”

मी आजींना घेऊन रिक्षाने हॉस्पिटलला गेले. शवागाराच्या बाहेर बसायला बाकडं होतं, त्या बसल्या नाहीत. कर्मचाऱ्याने चादर बाजूला केली. मॅडमच होत्या. कपाळाला खरचटलेलं. चेहरा झोपेतला वाटावा असा. इतका स्वस्थ मी तो कधी पाहिला नव्हता. आजी अगदी जवळ गेल्या. वाकल्या. जाड भिंगांतून त्यांनी खूप वेळ पाहिलं, कपाळ, डोळे, हनुवटी. मग हाताने केस मागे सारले आणि परत पाहिलं. तिथला हवालदार घाई करत नव्हता, पण पेन काढून उभा होता.

“आजी, ओळखता का?”

“ओळखते.”

“नक्की ना?”

आजींनी मान वर केली. “नक्की.”

त्याने नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. ते मी सांगितलं. मग त्याने आजींना विचारलं, “तुमच्या कोण लागतात?”

मी बोलायला तोंड उघडलं. शेजारी, ओळखीच्या, असं काहीतरी. या प्रश्नाला दुसरं काय उत्तर असणार? आजींनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि मला थांबवलं.

त्या मॅडमकडे बघत होत्या. चादरीचं टोक त्यांच्या मुठीत होतं.  हवालदाराने परत विचारलं, “आजी? काय लिहू?”

“घरची,” आजी म्हणाल्या. “माझ्या घरची आहे म्हणून लिहा.”